अदत्त ज्ञान

जिंतूर गावाबाहेर नेमगिरीच्या डोंगरात जी जैन लेणी आहेत, त्यांतील तीर्थंकरांच्या मूर्तींपुढे पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकविणाऱ्या या तालुक्यात आज एक असा प्रश्न उभा राहत आहे, की ज्याचा विचार करताना त्या मूर्तींमागील व्रतविचार मला कोणत्याही सरकारी परिपत्रकाहून अधिक मार्गदर्शक वाटतो. जिल्ह्याच्या ठिकाणी परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; त्याच्या थोडे आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने खेड्यातील काही कुटुंबे प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपविण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात दाखल केला; आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद तर १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन-दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आलेली आहे. रुग्णालयाचे प्रशासन शिकणारे, म्हणजे केसपेपरची खिडकी, औषधांचे भांडार आणि दप्तरातील नोंदवह्या यांचा अनुभव घेण्यासाठी दवाखान्यांत रुजू होणारे विद्यार्थी निराळेच. ही सर्व तरुण मंडळी हातात प्रश्नावली घेऊन खेड्यांच्या उंबरठ्यांवर येणार, आणि येणे इष्टही आहे. पण दुःखी माणसाच्या दुःखापासून शिकण्याचा अधिकार शिकणाऱ्यास नेमका कोठून प्राप्त होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले असते काय?

आपल्या प्राचीन वैद्यकाला हा प्रश्न अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातलेला आहे. छेद कसा घ्यावा हे भोपळा, कलिंगड, काकडी यांवर शिकावे, शिरावेध मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करून पाहावा, पट्टबंधनाचा सराव वस्त्राच्या पुतळ्यावर करावा, असा त्यातील उपदेश आहे. जिवंत देहाला हात लावण्यापूर्वी शिष्याच्या हातचे प्रमाद निर्जीव वस्तूंनी सोसावेत, ही त्यामागील करुणा उघड आहे. परंतु ज्याचे सारे शस्त्र म्हणजे प्रश्न आहे, त्या विद्यार्थ्याला असा भोपळा कोठून मिळणार? तुझी किती मुले दगावली, नवरा दारू पितो काय, अंगावरून जाते काय, हे प्रश्न पहिल्या दिवसापासून जिवंत माणसालाच विचारावे लागतात, आणि ते चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसांसमोर विचारले गेले तर होणारी जखम कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. म्हणून माझे असे ठाम मत आहे, की शल्यकर्म शिकणाऱ्यापेक्षा पाहणी शिकणाऱ्याला व्रताची गरज अधिक आहे.

ते व्रत अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याचे होय. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात चोरीची जी व्याख्या आहे ती विलक्षण मार्मिक आहे: जे दिले गेले नाही ते घेणे म्हणजे चोरी. मालकी कोणाची, वस्तूची किंमत किती, घेणाऱ्याचा हेतू परोपकाराचा की स्वार्थाचा, यांपैकी एकही गोष्ट त्या व्याख्येत नाही. तेथे पाहिले जाते ते एवढेच, की देणाऱ्याने दिले होते की नाही. संशोधनाच्या नीतीचा सगळा आधुनिक विचार, १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपासून आपल्या संशोधन परिषदेने २०१७ साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत, याच एका प्रश्नाभोवती फिरतो. संमतिपत्र हा त्या दानाचा दस्तऐवज समजला जातो.

पण दस्तऐवज म्हणजे दान नव्हे. येलदरीकडच्या एखाद्या वस्तीवरून तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आलेली बाई, पुढ्यात कागद येताच, तो वाचून दाखविला जाण्याआधीच अंगठा पुढे करते; कारण दवाखान्यात पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर अंगठा उठविल्याखेरीज औषध मिळत नाही, असाच तिचा आजवरचा अनुभव आहे. कागदोपत्री पूर्तता झाली. व्याख्येच्या दृष्टीने मात्र तिने काहीच दिलेले नाही, कारण नाकारण्याची मुभा आपल्याला आहे हेच तिला ठाऊक नव्हते. जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही तेथे ‘हो’ला अर्थ नसतो, आणि म्हणून विद्यार्थ्याने तिला सर्वप्रथम सांगावयाचे ते हे, की बाई, तुम्ही उत्तर दिले नाही तरी तुमच्या लेकराचे औषध तुम्हाला मिळणारच आहे, आणि हे त्याने औषध तिच्या हाती पडल्यावर, तिच्या शेजारी बसून सांगावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. प्रत्येक आकड्यासाठी अशी अनुज्ञा मागत बसलो तर साथीचा माग कोण काढणार, आणि बालमृत्यूंची गणना कशी होणार? तत्त्वार्थसूत्रावरील पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत अगदी याच जातीची शंका घेतलेली आहे. न दिलेले घेणे चोरी, तर गावाच्या रस्त्यावरून आणि वेशीतून जाणारा मुनीही चोर ठरेल. त्यावर उत्तर असे, की रस्ता आणि वेस सर्वांसाठी खुली असतात, म्हणून तेथे दोष नाही, परंतु बंद दारातून मुनी आत जात नाही. दीड सहस्र वर्षांपूर्वीचा हा विवेक आजच्या दवाखान्याच्या दप्तराला तंतोतंत लागू पडतो. अमुक महिन्यात अतिसाराचे किती रुग्ण आले, ही संख्या गावाचा रस्ता आहे. त्या संख्येमागचे नाव, घर, जात आणि गुप्त रोग हे बंद दार आहे. नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असते म्हणून आतले दार उघडे होत नाही. प्रशासन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी शिकावे ते हेच, आणि ज्या अव्वल कारकुनाच्या किंवा सिस्टरच्या ताब्यात ती वही असते, त्यांनी आपल्या वागणुकीतून ते त्याला शिकवावे.

अस्तेयाचे अतिचार, म्हणजे त्या व्रताला बाध आणणारे दोषही तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले आहेत, आणि ते गृहस्थांसाठी लिहिले गेले असले तरी वाचताना मला आजच्या अहवालांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. चोरीचा माल स्वीकारणे हा एक अतिचार आहे. गावातील आशा स्वयंसेविकेने विश्वासाने मिळविलेली माहिती कोणालाही न पुसता आपल्या प्रबंधात उतरवून घेणे याहून वेगळे काय आहे? खोटी मापे वापरणे हा दुसरा. खऱ्याच्या जागी नकली माल खपविणे हा तिसरा, आणि तोच सर्वांत घातक. कारण मुदत संपत आल्यावर झाडाखाली बसून भरलेला एक खोटा फॉर्म पुढे तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या आकड्यात मिसळतो, आणि जेथे औषध जावयास हवे होते तेथे ते कधीच जात नाही.

याच्या उलट, खऱ्या अर्थाने दिले गेलेले ज्ञान केवढे सामर्थ्य धारण करते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यांचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी फक्त ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी अशी तपासणी झालेली होती. जगाच्या वैद्यकाला जे ठाऊक नव्हते ते त्या खेड्यांतील बायांनी दिले. त्या केवळ अभ्यासाचा विषय नव्हत्या, त्या दात्या होत्या. जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने मानलेली आहेत. आपण समजतो की शिकलेला मुलगा खेड्यात औषधदान आणि ज्ञानदान करण्यास जातो. वस्तुतः प्रशिक्षणार्थी असताना तो तेथे याचक म्हणून उभा असतो, ज्ञानदान त्या घरातून होत असते, आणि त्याच्याजवळ परत देण्यासारखे असते ते एकच, अभय: तू मला जे सांगितलेस ते या ओसरीबाहेर तुझ्या नावाने जाणार नाही.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात आणि मग एकेका गावाशी जोडले जातात. याचकवृत्तीचे ते शिक्षण आहे, आणि परभणीच्या नव्या महाविद्यालयाने ते निःसंकोच उचलावे. माझी मात्र आणखी एक मागणी आहे. ज्या गावातून विद्यार्थ्याने माहिती नेली, त्या गावाच्या ग्रामसभेत त्याने आपला अहवाल, नावे वगळून, साध्या मराठीत वाचून दाखवावा, गावकऱ्यांनी ‘हे असे नाही’ म्हटले तर ते लिहून घ्यावे, आणि त्या दुरुस्त्यांसह ग्रामसभेचा शिक्का उमटल्यावरच महाविद्यालयाने त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे. यास वेळ लागेल, एखादी तुकडी रखडेल, प्राध्यापक कुरकुरतील. ती अडचण मला मान्य आहे, आणि तरीही मी ही मागणी सोडण्यास तयार नाही.