नवस आणि वचन

भिवंडी तालुक्यातील अकलोली येथे तानसा नदीच्या काठी भूमीच्या पोटातून उष्ण पाण्याचे झरे वाहतात. सांधे धरलेली, त्वचेच्या विकारांनी गांजलेली माणसे मोठ्या आशेने तेथील कुंडांत उतरतात. त्यांत आमच्या धर्मग्रामांतील भाविकही असतात आणि त्यात वावगे काही नाही. कुंडांपासून जवळच वज्रेश्वरीचे मंदिर आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधून तो फेडला, अशी परंपरा आहे.

मे १७३९ मध्ये वसई पडली. त्या वेढ्याच्या दिवसांत वसईच्या ख्रिस्ती घरांतूनही गुडघे टेकले गेले असणार, रोजरीचे मणी ओढले गेले असणार. एका बाजूचा नवस फळाला आला. दुसऱ्या बाजूचे काय? सुमारे दोनशे वर्षांची सत्ता गेली. पोर्तुगीज कुटुंबे गेली, मठवासी गेले, मठ ओस पडले. मागे उरले ते येथलेच शेतकरी आणि कोळी. त्यांना जायला दुसरे गावच नव्हते. देवाने आपला शब्द मोडला, असे त्यांपैकी कोणाच्या मनात आले असल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु प्रश्न विचारायला हवा: देवाने शब्द दिला होता तरी कोणता? वसईचा बुरूज ढासळणार नाही, असे वचन पवित्र शास्त्राच्या कोणत्या पानावर आहे?

नवस आणि वचन यांतील भेद आपण नीट ध्यानात घेत नाही. नवस माणूस बोलतो. अट त्याची, मुदत त्याची, फेडही त्याचीच. वांद्र्याच्या मोतमावलीपाशी मेणाचे हात, पाय, घरे वाहणारे आपले लोक भोळे आहेत, पण खोटे नाहीत. त्यांची थट्टा करणाऱ्या शहाण्यांपेक्षा प्रभू त्यांच्या अधिक जवळ असावा, असेच आम्हांला वाटते. अडचण उद्भवते ती नवस फळला नाही म्हणजे. तेव्हा आपणच बोललेला शब्द आपण देवाच्या तोंडी घालतो आणि त्याने तो पाळला नाही म्हणून त्याच्यावर रुसतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आशेचा विषय सांगताना ती दुःसाध्य, परंतु देवाच्या साहाय्याने शक्य अशा भविष्यातील कल्याणाकडे पाहते, असे म्हटले आहे. तिचे शत्रूही त्यांनी दोन सांगितले: निराशा आणि धृष्टता. निराशेविरुद्ध आम्ही प्रवचने पुष्कळ देतो. धृष्टतेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण ती श्रद्धेचाच पोशाख घालून मंदिरात येते.

यिर्मया संदेष्ट्याचे शेत आठवावे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराची ही गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. नगर पडणार, असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. ठाणे जिल्ह्यात जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या आमच्या वाचकांना अशा सौद्याचे मोल सांगायला नको! यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात जपून ठेवायला बारूखला सांगतो. या भूमीत पुन्हा घरांचे, शेतांचे, द्राक्षमळ्यांचे व्यवहार होतील, हे देवाचे वचन होते. मात्र वेढा उठेल असे यिर्मया म्हणत नाही. नगर जळणार हे तो जाणतो, तरीही चांदी तोलतो. पुढे नगर खरोखरच जळाले. यिर्मयाला लोकांनी मिसर देशात नेले. लोक हद्दपारीतून परतू लागले ते सुमारे अर्ध्या शतकानंतर. ते शेत त्याने कधी नांगरले नाही.

अब्राहामाचेही तसेच. साऱ्या कनान देशाचे वचन मिळालेल्या त्या पुरुषाने मरेपर्यंत तेथे स्वतःच्या मालकीची केली ती सारेला पुरण्यासाठी घेतलेली गुहा आणि तिच्याभोवतीचे शेत.

हे सारे दूरच्या काळातले वाटत असेल तर आपल्या वसईच्याच सुपुत्राकडे वळू. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर तेथील श्रद्धावंतांत राहणारा एकही धर्मगुरू उरला नाही. ना मिस्सा, ना पापनिवेदन. सात पिढ्यांनंतर धर्मगुरू काळ्या जहाजांतून परत येतील, असे बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने सांगून ठेवल्याची आठवण तेवढी त्यांच्यात राहिली. गावातील वडीलधारे बाळांना स्नानसंस्कार देत, सणांचे दिवस मोजत, पवित्र मातेची आठवण बौद्ध देवतेच्या मूर्तीआड जपत. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक नागासाकीतील नव्या चर्चमध्ये आले. ते चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावे उभारलेले होते. तेथे त्यांनी फादर पतिजाँ यांना आपलीही श्रद्धा तीच असल्याचे हलक्या आवाजात सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले.

येथे कथा संपवणे सोपे होते. परंतु ओळख पटली म्हणून संकट टळले नाही. १८६७ पासून पुन्हा धरपकड झाली. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक श्रद्धावंतांना दूरदूर हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील सहाशेहून अधिक मरण पावले. १८७३ मध्ये बंदी उठली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब फुटला तो याच उराकामीवर.

मूल गमावलेला पिता आम्हांला विचारतो: फादर, सात पिढ्यांनी पुरे होणारे वचन मी काय करू? त्याला झटपट उत्तर देणाऱ्या प्रवचनकाराविषयी आम्हांला संशय वाटतो. प्रभूने मुलाचा ताप उतरवण्याचे वचन दिले नव्हते. त्याने युगाच्या अंतापर्यंत सोबत राहण्याचे आणि कबर हा शेवट नसल्याचे वचन दिले आहे. नुकत्याच बुजवलेल्या कबरीपाशी हे शब्द फार लहान वाटतात, हे आम्ही जाणतो. म्हणून तेथे आम्ही बहुधा गप्पच उभे राहतो.

मात्र त्या जपानी कुटुंबांतील मधल्या पिढ्यांचा विचार आमच्या मनातून जात नाही. पहिल्या पिढीला धर्मगुरू आठवत होते, सातवीला ते दिसले. तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीतील एखाद्या आईला यांपैकी काहीच लाभले नाही. दार लावून घेऊन तिने बाळाला पुढे केले असेल, गावच्या म्हाताऱ्याने त्याच्या कपाळावर पाणी ओतून त्रैक्याचे नाव घेतले असेल, आणि मग दार उघडून ती नेहमीसारखी कामाला गेली असेल.