समाधानाचं माप

सासूबाईंनी लावलेला बांधावरचा आंबा चुलत दिरांनी रातोरात तोडला. तंटामुक्ती समितीपुढे त्यांनी हात जोडले, भरपाईही दिली. "समाधान झालं ना, वहिनी?" अध्यक्षांनी विचारलं. मी "हो" म्हणाले, सही केली.

अशी समोरासमोर माफी आणि भरपाई दूरदेशीही झाली आहे. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायालयाच्या सांगण्यावरून ते पीडितांच्या दारोदार गेले, नुकसान भरून दिलं. नुकसान भरून नातं सांधू पाहणाऱ्या पुनर्स्थापक न्यायाची आधुनिक वाट तिथून रुळली.

पण दार लावून घेतल्यावर आत काय उरतं? ते एका सहीत मावत नाही. वर्षभराने कुणीतरी पुन्हा यावं आणि विचारावं, बांधावरून जाताना अजून पाय अडखळतो का? क्षमा माझ्या मनात तिच्या वेळेनं पिकेल. तिची वसुली करू नये.