आजचं मनन: अब्राहाम किमतीबद्दल बोलला

वाचन: उत्पत्ती २३



सारा १२७ वर्षांची होऊन वारली. अब्राहाम आधी रडला. मग उठला आणि कबरेसाठी जागा विकत घ्यायला गेला. एफ्रोन आधी "अशीच घ्या" म्हणाला, मग सहज बोलल्यासारखं करून ४०० शेकेल रुपे हा आकडा सांगून गेला. अब्राहामाने गावच्या वेशीत, सगळ्यांसमोर पूर्ण रक्कम तोलून दिली. शेत, गुहा, झाडंसुद्धा व्यवहारात धरली गेली. शोक आणि व्यवहार एकाच अध्यायात!

पप्पा गेले त्या रात्री मला हा अध्याय आठवला नाही. शवपेटीच्या दुकानात मी सर्वांत महागड्या पेटीवर बोट ठेवलं. खरं सांगू? शेवटच्या महिन्यात पप्पांचे तीन फोन मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापले होते. त्याची भरपाई करायला निघालो होतो. आत्याने हात धरला. "बाळा, ही पेटी पप्पांसाठी घेतोयस की तुझ्यासाठी?"

साधी घेतली.

दुसऱ्या दिवशी संगमरवरी दगडाची ऑर्डर देणार होतो. पाळकसाहेब म्हणाले, "आधी माती बसू दे. आणि कबरस्तानात नियम विचार." विचारलं तर कळलं, कबर कायमची नाही. जागा कमी, म्हणून काही वर्षांनी तीच पुन्हा वापरतात. शहरांत बऱ्याच ठिकाणी असंच आहे. आम्ही नाव लिहून लाकडी क्रूस लावला.

पोप फ्रान्सिस यांनीही मृत्युपत्रात साधी कबर मागितली होती, जमिनीत, वर फक्त नाव. २०२५ मध्ये त्यांना तसंच पुरलं. पूर्वीच्या पोपांसारख्या एकात एक तीन पेट्या नव्हत्या.

म्हणून सांगतो, दुकानात एकटे जाऊ नका; थोडं शांत डोकं असलेलं माणूस सोबत न्या. पेटी, गाडी, कबर खोदणं, सगळ्याचा मिळून आकडा आधी विचारा. दगडाची घाई करू नका. किंमत विचारणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे. अब्राहामही किमतीबद्दल उघडपणे बोलला होता.

आणि जे पेटीच्या पॉलिशने भरून निघत नाही, ते आजच करा. घरी फोन लावा.

प्रार्थना: प्रभू, आमच्या अपराधी मनाला तू क्षमा कर, म्हणजे आम्ही ती दुकानात विकत घ्यायला जाणार नाही. आमेन.