गायकाचा हिशेब कोठवर?

सूर हवेत विरून जातो. त्या सुरासाठी जाळलेल्या डिझेलचा धूरही हवेतच जातो, परंतु तो विरत नाही.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे. जानेवारी २०२५ मध्ये त्याने नवी मुंबईत तीन व अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले. दौरा पर्यावरणाच्या हिताचा कसा करता येईल याचा शोध घेईपर्यंत दौऱ्यावर निघणार नाही, असे या कलावंतांनी २०१९ मध्ये जाहीर केले होते. पुढे त्यांनी सौरऊर्जेचा व बॅटऱ्यांचा आश्रय घेतला, प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावण्याचे ठरविले, श्रोत्यांच्या मनगटावरील दिवे परत गोळा करून पुढच्या गावी वापरले. २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत दर कार्यक्रमामागे थेट कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटले, असा हिशेब त्यांनी जून २०२४ मध्ये मांडला. दिलेला शब्द मोजून दाखविणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही.

तथापि ‘थेट’ हा शब्द मला अडवितो. त्यात रंगमंच, सामानाची वाहतूक, कलावंत व कामगार यांचा प्रवास येतो. श्रोते ज्या विमानांनी व मोटारींनी आले ती त्यात नाहीत. आणि मोठ्या कार्यक्रमांत बहुधा सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. (अहमदाबादेसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या, हे त्यातल्या त्यात बरे.) श्रोता म्हणतो, बोलावले म्हणून आलो. गायक म्हणतो, कसा आलास ते तुझे तू पाहा. भावाविषयी विचारले असता काइनाने जे हात झटकले, त्याहून हे फार निराळे आहे काय?

मग सोपा मार्ग उरतो तो पैसे भरून दूर कोठेतरी झाडे लावण्याचा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदीविक्रीविषयी सावध केले होते, कारण तिच्या आडून काहींची उधळपट्टी तशीच चालू राहू शकते. मला येथे जक्कय आठवतो. चौपट परतफेडीचा शब्द त्याने दिला तो ज्यांना लुबाडले त्यांनाच. आपल्या धुराची झळ ज्याच्या शेताला लागते, त्याच्या हाती त्या झाडांतून काय पडते?

ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या वृंदाने दुसरी वाट धरली. मँचेस्टरच्या टिंडल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच्या आधारे २५ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी आपल्याच शहरातील क्लिफ्टन डाउन मैदानावर बॅटरीच्या विजेवर कार्यक्रम केला. वाहनतळ ठेवलाच नाही. तिकिटे आधी आसपासच्या रहिवाशांना दिली, रात्री उशिराच्या जादा आगगाड्यांची व्यवस्था केली, स्थानकापर्यंत विजेच्या बस ठेवल्या. पाहुण्याची वाट यजमानाने आपली मानली. यात दूरच्या रसिकाला मात्र दुय्यम स्थान मिळते, आणि ते दुःख खोटे नव्हे. देवाने दिलेल्या आनंदाला अंतराची अट घालावी काय, या प्रश्नाशी मी अजून झगडतो आहे.

गतवर्षी आमच्या मंडळीच्या गायनसंध्येत आम्ही सृष्टीची स्तोत्रे गात असता मांडवामागे जनित्र धडधडत होते. पुढील खेपेस कार्यक्रम दुपारी ठेवावा, म्हणजे दिवे लागणार नाहीत व सर्वांना परतीची बस मिळेल, अशी सूचना मी लिहून दिली आहे. ती अद्याप चर्चेस आलेली नाही.