बेत आणि बेतणे

कापड अंगाच्या मापाने कापण्याला आपण 'बेतणे' म्हणतो. मनात योजलेल्या कार्याला 'बेत' म्हणतो. आणि एखादी गोष्ट कुणाला फार महागात पडली, की ती त्याच्या 'जिवावर बेतली' असे म्हणतो. हे तीन अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील नाताळच्या नाटकाने आम्हांला शिकविले.

आम्ही कोल्हापूरकर. ऐतिहासिक वेशभूषेची हौस या शहराच्या मातीतच आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२३ साली 'सिंहगड' पडद्यावर आणला. भालजी पेंढारकरांनी १९५२ साली 'छत्रपती शिवाजी' काढला. अशा गावात हेरोद राजाचा दरबार उभा करावयाचा, तर तो भाड्याच्या मळक्या कपड्यांत कसा करावा? अस्सल पोशाखच शिवावयाचे असे आम्ही ठरविले. हेरोद, त्याचे दरबारी, रोमन शिपाई आणि तीन राजे मिळून बावीस पोशाख. हाती सहा आठवडे.

पहिले तीन आठवडे चित्रे पाहण्यात आणि कापड निवडण्यात गेले. चौथ्या आठवड्यात मापे घेतली. प्रत्येक बैठकीत जरीचा आणखी एक पट्टा वाढे. दिवस मात्र वाढत नसे. अखेरीस सारे काम शिवणकामावर घर चालविणाऱ्या एका मावशींच्या मशीनवर येऊन पडले. सणाची गिऱ्हाइके सांभाळून त्या रात्री आमचे कपडे शिवीत. विचारले, की "होईल" एवढेच म्हणत. नाटक नाताळच्या रात्री मिस्सेनंतर होते. पोशाख वेळेवर आले, टाळ्याही मिळाल्या. मिस्सेला मावशी नव्हत्या, हे आमच्या ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी. ज्या बाळाच्या दर्शनाला आमचे राजे नटून निघाले होते, त्याच्या दर्शनाला त्यांचे अंगरखे शिवणारी येऊ शकली नव्हती. ती तिसऱ्या राजाच्या बाह्या जोडीत बसली होती.

तर मग मोठा बेत करणेच चूक काय? तसे आम्हांला वाटत नाही. याच कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया यांनी 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळविले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटाचा काळ १८९३ पासून १९४८ पर्यंतचा. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास कपड्यांतून दाखवावयाचा होता. चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० रोजी सुरू झाले, आणि अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, मूळ अंत्ययात्रेच्याच तारखेला, सुमारे तीन लाखांच्या जनसमुदायासह घेण्यात आले. असा दिवस कुणाच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. कामाची हौस लहान असती, तर असे कार्य उभेच राहिले नसते.

शिवाय आमच्यापैकी एकाने आक्षेप घेतला, "देवाच्या कार्याला उत्तमच द्यावे ना?" द्यावे, परंतु आपले द्यावे. आम्ही प्रभूला अर्पण केले ते आमचे जागरण नव्हते, मावशींचे होते. त्यांनी होकार दिला होता हे खरे. पण चर्चच्या कामाला नाही कसे म्हणावे, या संकोचात दिलेला होकार हा खरोखर होकार असतो काय? ज्याला नकार देणे अवघड आहे, त्याच्या "होईल"वर आपला बेत उभारणे हे आमच्या मते अन्यायाचेच एक सभ्य रूप आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगतो. आम्ही कापडाचा, जरीचा, दोऱ्याचा हिशेब केला होता. रात्रींचा केला नव्हता.

आणि मुदत जवळ आल्यावर बेत कमी करण्यात कमीपणा कसला? पोशाखात काय सोडता येते आणि काय नाही, हे शिवणाऱ्याला पुरते ठाऊक असते. जर सोडता येते, अस्तर सोडता येते, न दिसणारी शिवण कच्च्या टाक्यावर भागते. काखेतला जोड मात्र पक्का हवा. तिथे माणसाचे अंग असते. आम्ही नेमके उलट केले : जर राखली आणि माणसाला विसरलो. गंमत अशी, की इतिहासाचा अभ्यास नीट केला असता तर काम कमीच झाले असते. रोमन शिपायाचा झगा म्हणजे खांद्याशी पिनेने अडकविलेला कापडाचा आयताकृती तुकडा. त्याला ना बाह्या, ना गळा. आम्ही मात्र इतिहासाऐवजी कॅलेंडरवरची चित्रे शिवीत होतो. अस्सलपणाच्या नावाखाली आम्हांला हवा होता तो डामडौल.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवू लागल्या. ते कपडे किती सुबक होते, हे तिथे सांगितलेले नाही. ते कुणासाठी शिवले होते, एवढे मात्र कळते.

पुढच्या वर्षी आम्ही आधी मावशींकडे गेलो, आणि त्यांना किती दिवस देता येतील ते विचारून मगच नाटक निवडले. सात पोशाख झाले. उरलेल्यांनी घरच्या चादरी आणि शाली पांघरल्या. आदल्या वर्षाबद्दल क्षमा मागितली, तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "अहो, घंटा घरापर्यंत ऐकू येत होती. तेवढ्या वेळ मी मशीन थांबवलं होतं."