मारणाऱ्याचं देणं

रविवारी सकाळी बोईसरला कोंबडीच्या दुकानापुढे रांग असते. एमआयडीसीत काम करणारे, नोकरीवाले, आमच्यासारखे भाजी विकायला आलेले, सगळे त्या रांगेत. पिंजऱ्यातली कोंबडी काढतात, आतल्या बाजूला नेतात, आणि थोड्या वेळाने काळी पिशवी हातात येते. रांगेतला कुणी आत बघत नाही. मीही बघत नाही. माणसाला मटण हवं असतं, मरण नको असतं. त्याचे पैसे देऊन ते काम आपण दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं असतं.

मारून खाणं हे पाप आहे का, हा प्रश्न फार जुना आहे. मला त्यातला एक भागच समजतो, तेवढाच इथे मांडतो. जो मारतो त्याच्याकडे त्या जिवाचं काही देणं लागतं का? आणि लागत असेल तर ते फेडायचं कसं?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळाला नाही, मामाकडून मिळाला. माझं गाव नागझरीच्या पलीकडे, सूर्या नदीच्या अंगाला. मामाचं गाव मनोरच्या डोंगरांत. मामाकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायला परवाना काढलेली. १९७८ साली दहावी करून मी घरी होतो. भात झोडून झालं होतं, रानातलं गवत वाळायला लागलं होतं. मामा म्हणाला, "चल दोन दिवस. चालता येतं का बघू."

नाचणीच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, मीठ, एक घोंगडी आणि मामाचा कुत्रा, एवढंच सामान. रानाच्या तोंडाशी वाघोबाचा दगड होता. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतलं देऊळ सगळ्यांना माहीत आहे, पण असे वाघोबा आमच्याकडे पाड्यापाड्यावर आहेत. वाघबारशीला गुराखी त्यांना पुजतात. मामाने नारळ ठेवला, हात जोडले आणि बोलला काहीच नाही. मी विचारलं, "काय मागितलंस?" तो म्हणाला, "मागायचं नसतं. आपण त्याच्या घरात चाललोय, एवढं कळवायचं."

सबंध दिवस आम्ही चाललो. साग, ऐन, खैर, मधेच कारवीची दाटी. मामा पायवाट बघत नव्हता, जमीन बघत होता. डुकराने कुठे उकरलंय, माती ओली आहे की सुकली, खूर कुठल्या बाजूला गेलेत. दिवस कलताना एका ओहळाच्या वर डुक्कर दिसलं. एकटा नर होता. मामाने बराच वेळ नेम धरला आणि बार काढला. डुक्कर खाली बसलं, लगेच उठलं आणि कारवीत घुसलं.

जखमी डुकराच्या मागे अंधारात जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. मला वाटलं, आता घरी जाऊ. मामा तिथेच घोंगडी टाकून बसला. म्हणाला, "ते रात्रभर जागं राहणार, आपणही राहू." आम्ही जाळ केला नाही. थंडी होती. मामाने भाकर खाल्ली नाही, मी मात्र खाल्ली. मधेच तो एवढंच बोलला, "पोरा, मागे जायची तयारी नसेल त्याने नेम धरू नये."

फटफटल्यावर आम्ही रक्ताच्या मागे निघालो. पानांवर कुठे थेंब, कुठे काहीच नाही. दोनदा माग सुटला, दोनदा कुत्र्याने काढला. ऊन वर आलं तेव्हा ओहळाच्या कोरड्या पात्रात ते सापडलं. जिवंत होतं. आम्हाला बघून उठायला गेलं, पण उठवेना. मामा मला मागे थांबवून जवळ गेला. दुसरा बार काढून झाल्यावर बंदूक बाजूला ठेवून त्याने त्या जनावराच्या मानेवर हात ठेवला आणि ते पुरतं थंड होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

खालच्या पाड्यावरची चार माणसं बोलावून आणली, काठीला बांधून डुक्कर खाली नेलं. वाटे पडले. पाड्यावरच्या प्रत्येक घराला वाटा, नवरा मेलेल्या एका बाईला आधी, कुत्र्यालाही वेगळा. वाया काही गेलं नाही. मामाच्या घरी जे आलं ते दोन वेळांना पुरलं.

आता यात पुण्य काय झालं? डुकराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, काही नाही. ते रात्रभर तळमळलं आणि मेलं. मामाने हात ठेवला म्हणून त्याचं दुखणं कमी झालं नाही. हे मी नाकारत नाही. पण एक गोष्ट मला पुढे कळली. मामाला आयुष्यात मारलेलं प्रत्येक जनावर जागेसकट आठवत होतं. कुठल्या ओहळाला, कुठल्या झाडाखाली, कुठल्या महिन्यात. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती ती. एका जिवामागे रात्र काढायची, जीव धोक्यात घालायचा, तर माणूस किती मारणार? किंमत मोजावी लागली की हात आपोआप आखडतो.

आमच्याकडे कीर्तनात धर्मव्याधाची गोष्ट सांगतात. महाभारतातल्या वनपर्वात ती आहे. मिथिलेतला हा मांस विकणारा माणूस कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. शेतकऱ्याने ऐकावं असं त्यात एक आहे. तो म्हणतो की नांगर फिरतो तेव्हाही जमिनीतले कितीतरी जीव मरतात, भाताच्या दाण्यातही जीव असतो, हिंसेवाचून जगणारा कुणी नाही. हे मला पटतं, कारण चिखलणी करताना बेडूक, खेकडे, गांडुळं मी डोळ्यांनी बघितली आहेत. पण तोच व्याध हेही सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो. तिथे मला मामाची आठवण येते. मग ज्यांनी मारलं त्यांचा धर्म कोण सांगणार?

कायद्याने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिलंय. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही जनावरांच्या शिकारीला परवाना मिळत असे, १९९१ च्या दुरुस्तीने तोही बंद झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन, मध, बांबू, मासे यांवरचे हक्क मानले, शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. पिकांची नासधूस करणारी रानडुकरं आणि नीलगायी मारायला परवानगी घेऊन मारण्याची वाट राज्य सरकारने २०१५ साली मोकळी केली. आमच्याकडच्या वारली म्हाताऱ्यांना यातलं एक सलतं. साहेब आणि राजे हौसेने वाघ मारायचे तेव्हा त्यांचे फोटो निघाले, आमच्या बापाने पोटासाठी ससा मारला तर केस झाली. त्यांच्या बोलण्यात खोट नाही. तरीही कायदा हवा असं मी म्हणतो. तेव्हाचं रान आता राहिलं नाही. महामार्ग रुंद झाला, एक्सप्रेसवे आणि बुलेट ट्रेनसाठी डोंगर फोडले. उरलेल्या रानात सगळ्यांनी बंदुका घेऊन शिरायचं ठरवलं तर दोन वर्षांत भेकरसुद्धा दिसणार नाही.

पण शिकार बंद झाली म्हणून मरण बंद झालं नाही. महामार्गावर रात्री बिबट्या गाडीखाली येतो, गाडी थांबत नाही. एखाद्या सकाळी खाडीत मेलेले मासे वर येतात, पाणी कुणी सोडलं ते कुणालाच ठाऊक नसतं. या मरणांना मारणारा नाही. म्हणून त्यांचं देणंही कुणावर नाही.

भाच्याने मला मोबाईलवर अमेरिकेतली शिकार दाखवली. रॉकी पर्वतात एल्क नावाचं आपल्या सांबरापेक्षा मोठं हरीण असतं. बाप आणि मुलगा परवाना काढून चार-चार दिवस डोंगरात राहतात, एक जनावर मारतात आणि मांस पाठीवर वाहून आणतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. ते ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या लांबच्या माणसांनाही मामाची गोष्ट कळलेली आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे रान अजून शिल्लक आहे आणि जनावरं मोजून परवाने देतात.

हे सगळं मी लिहितोय ते माझ्या मुलासाठीही. आमच्या शेतात कणीस दुधात आलं की डुकरं येतात. खातात थोडं, लोळून तुडवतात जास्त. मुलगा म्हणाला, "बाबा, कुंपणाला करंट सोडू. तुम्ही मामाआजोबांबरोबर शिकारीला गेलात, डुक्कर खाल्लंत. तेव्हा चाललं, मग आता का नाही?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी त्याला मामाची ती रात्र सांगितली. मग म्हटलं, करंट सोडणारा माणूस घरी झोपलेला असतो. तार नेम धरत नाही. डुक्कर आलं तर डुक्कर मरेल, शेजाऱ्याची गाय आली तर गाय, खेकडे धरायला निघालेला पाड्यावरचा पोरगा आला तर पोरगा. सकाळी जाऊन बघायचं, काय मेलंय ते. कायदा सोड, तुरुंगही सोड. जे मरताना आपण तिथे असणार नाही, ते मारायचा आपल्याला काय अधिकार?

तो म्हणाला, "मग नुकसान सोसायचं?"

आम्ही झटका मशीन घेतलं. सोलरवर चालतं, तारेला अंग लागलं की जनावराला झटका बसतो आणि ते पळतं, मरत नाही. शिवाय माळ्यावर आळीपाळीने राखण करतो, डबे वाजवतो. तरी यंदा ओहळाकडच्या कोपऱ्यातलं भात गेलंच. मुलाने हिशोब केला आणि म्हणाला, "तीन गोणी गेल्या, बाबा. कुठे लिहू?"

मी म्हटलं, "खर्चात लिही. राखणीच्या खाली."