मी कोण, सांगा पाहू?

भेटायला आलेला पाहुणा खुर्ची पुढे ओढतो, आजींच्या तोंडाजवळ तोंड नेतो आणि मोठ्यानं विचारतो, "ओळखलंत का? मी कोण, सांगा पाहू!" घरचेही त्यात सूर मिसळतात, "अगं आई, असं काय करतेस? परवाच नव्हता का आला?" आजी कसनुसं हसतात. सगळ्यांसमोर नापास झाल्याची लाज त्या हसण्यात असते. ती त्यांना पुरती कळते.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर झालेल्या काही जणांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना, पण त्या प्रसंगांनी मनात जे उठलं ते रेंगाळत राहिलं. तेव्हा पाहुणा येऊन गेल्याचं आजींना आठवत नसेल, तरी त्यानंतर त्या उगाच चिडचिड करतात असं म्हणण्याआधी थोडं थांबावं.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हात झटकावेत इतकी ही गोष्ट किरकोळ नाही. अल्झायमरमध्ये बहुधा ताजं आधी जातं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, माहेरचा सोपा आठवतो. हातांच्या सवयी तर आणखी चिवट. पोटच्या मुलीला 'ताई' म्हणणारी बाई पुढ्यात कापूस ठेवला की सरकी काढते, बोटांना चिमूटभर भस्म लावते आणि एका मापाच्या वाती वळू लागते. मुलीचं मन 'ताई' या हाकेनं दुखतं, ते साहजिकच आहे. पण आईनं तिला परकं केलेलं नाही. लहानपणी जिच्यावर भरवसा होता, तिच्या जागी नेऊन बसवलंय. "ताई नाही, मी तुझी मुलगी" असं दहादा सांगण्यापेक्षा ताई होऊन शेजारी बसणं मला जास्त खरं वाटतं. "माझी आई कुठंय?" या प्रश्नाचंही तसंच. "ती केव्हाच गेली" असं सांगितलं, तर ते मरण दर वेळी नवं असतं. "आठवण येतेय का आईची? काय करायची ती छान?" एवढं विचारलं तर गप्पा सुरू होतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागे चालत हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. त्यांचं पांडित्य तिच्या गावीही नाही, म्हणून काय हरपलं याचं ओझंही तिच्यावर नाही. मुलगी मात्र त्या ओझ्याखाली वाकलेली. चन्नम्माचं कौतुक सगळेच करतात, करावंच. पण या माणसानं जन्मभर काय वाचलं, काय शिकवलं, हे ठाऊक असलेलं कुणीतरी लागतंच. नाहीतर शिक्षकाचा नुसता 'पेशंट' होतो आणि येणारा-जाणारा त्याला 'काय बाळा' म्हणू लागतो.

म्हणून घरी मदतीला माणूस ठेवताना औषधांच्या यादीसोबत आणखी एक कागद द्यावा. त्यावर साधंच असावं: यांना 'आजोबा' म्हणू नये, 'सर' म्हणावं. चहा बशीत ओतून लागतो. दाढी रोज, आरसा समोर धरून. पेपर उलटा धरला तरी हातातून काढून घेऊ नये. आणि भेटायला येणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव सांगावं.